अंदाज पेनने लिहा: सहावी-सातवीच्या वर्गातली वैज्ञानिक पद्धत

एका नव्या शिक्षकांनी विचारलं आहे: ‘सहावी-सातवीला विज्ञान शिकवतो. वैज्ञानिक पद्धतीच्या पायऱ्या फळ्यावर लिहून दिल्या. मुलांनी पाठ केल्या, चाचणीतही लिहिल्या, पण कुणाला त्यात काही गंमत वाटली नाही. शाळेत प्रयोगशाळा नाही, वर्गात ४८ मुलं, तासिका ३५ मिनिटांची. हा भाग रंजक कसा करावा?’

सर, तुमच्या वर्गात जे झालं ते माझ्याकडे पहिली काही वर्षं दर जूनमध्ये व्हायचं. निरीक्षण, प्रश्न, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष. मधे बाण काढलेला छान तक्ता भिंतीवर, खाली झेंडूच्या फुलांची नक्षी. मुलं तो तक्ता पाढ्यांसारखा म्हणायची. मग प्रयोगाच्या दिवशी पहिला प्रश्न यायचा, ‘बाई, उत्तर किती यायला पाहिजे?’ आणि मी उत्तर सांगितलं की आठही गटांचं तेवढंच यायचं, दशांश चिन्हासकट.

म्हणून आता मी पहिल्या दोन आठवड्यांत ‘गृहीतक’ हा शब्दच उच्चारत नाही. तक्ताही लावत नाही. एकच नियम असतो: काहीही करून बघण्याआधी आपल्याला काय होईल असं वाटतं ते वहीत लिहायचं, कारणासकट, आणि पेनने. पेन्सिल नाही, खोडरबर नाही. चुकलं तर खाली लिहायचं, वरचं खोडायचं नाही. ऐकायला किरकोळ वाटेल, पण माझ्या २६ वर्षांच्या अनुभवात सगळ्यात जास्त फरक या नियमाने पडला आहे. अंदाज लिहून टाकला की मुलाचं त्यात काहीतरी अडकतं. पुढे काय होतंय याकडे ते डोळे फाडून बघतं, कारण आता ते शेजारच्याशी पैज लावल्यासारखं असतं.

सुरुवात काडेपेट्यांनी करा. आठ रिकाम्या काडेपेट्या घ्या. प्रत्येकीत वेगळं काहीतरी, उदाहरणार्थ एकीत सायकलच्या बेअरिंगचा छर्रा, एकीत दोन चिंचोके, एकीत खोडरबराचा तुकडा, एकीत टाचणी, एकीत बटण, एक रिकामीच. सेलोटेपने नीट बंद करा आणि नंबर घाला. गटाने ती हलवायची, वाकडी करायची, वास घ्यायचा, हवं तर लोहचुंबक लावायचं. उघडायची मात्र नाही. आत काय आहे याचं चित्र काढायचं आणि खाली ‘असं का वाटतं’ ते लिहायचं. ‘घरंगळते, म्हणून गोल आहे’ हे सगळेच लिहितात. पण एखादी मुलगी म्हणते, ‘घरंगळते, पण एकाच बाजूला वाकवल्यावर. दुसऱ्या बाजूला वाकवल्यावर घसरते. म्हणजे नळीसारखी असेल.’ तिथे थांबा, तिला पुन्हा करून दाखवायला सांगा, सगळ्या वर्गाला ऐकू द्या.

मग प्रत्येक गटाला एक रिकामी काडेपेटी द्या आणि सांगा, तुम्हाला वाटतं ती वस्तू हिच्यात घाला आणि दोन्हींचा आवाज जुळतो का पाहा. जुळला नाही तर अंदाज बदला, जुना तसाच ठेवून.

तास संपला तरी पेट्या उघडू नका. मुलं गयावया करतील. एक मुलगा माझ्या मागे स्कूटरपर्यंत आला होता. पण एकदा पेटी उघडली की सगळा खेळ ‘बरोबर की चूक’ यावर येतो आणि ‘कशावरून’ हा प्रश्न तिथेच मरतो. अणू कुणी उघडून पाहिला होता का, हा प्रश्न तीच मुलं दोन वर्षांनी विचारतात, तेव्हा काडेपेटीची आठवण करून देता येते. माझ्याकडच्या ५ नंबरच्या पेटीत काय आहे ते आता मलाही आठवत नाही.

दुसऱ्या आठवड्यात दोलक. दोलकाचा धडा असो वा नसो, हा प्रयोग मी सोडत नाही, कारण दोरा आणि नट एवढ्यावर तो होतो आणि मुलांचा अंदाज हमखास चुकतो. प्रश्न विचारा: दोऱ्याला एक नट बांधला आणि तीन नट बांधले, तर झोका लवकर येईल की उशिरा? हात वर करायला सांगितलं तर बहुतेक वर्ग ‘जड असेल तर लवकर’ म्हणतो. दोन-चार जण ‘जड असेल तर हळू’ म्हणतात. ‘फरक पडणार नाही’ म्हणणारा एखादाच, आणि तोही इकडेतिकडे बघत. सगळ्यांनी पेनने लिहायचं.

आधी एकच नट, दोऱ्याच्या गाठीपासून नटाच्या मध्यापर्यंत २५ सेंटिमीटर. एका झोक्याचा, म्हणजे नट जाऊन परत येण्याचा, वेळ मोजायला सांगा आणि आठही गटांचे आकडे फळ्यावर लिहा. ०.८, १.३, १.१, ०.९ असं काहीही येईल. मुलं एकमेकांना ‘तुमचं चुकलं’ म्हणतील. लगेच ‘दहा झोके मोजा आणि दहाने भागा’ असं सांगू नका. ‘आपण सगळ्यांनी एकच गोष्ट मोजली, मग आकडे वेगळे का?’ एवढं विचारून गप्प बसा. स्टॉपवॉचचं बटण दाबायला उशीर होतो हे कुणीतरी बोलेलच. तो उशीर दाखवायचा असेल तर जोड्या करा. एकाने फूटपट्टी उभी धरून अचानक सोडायची, दुसऱ्याने दोन बोटांत पकडायची. २० सेंटिमीटरवर पकडली तर साधारण ०.२ सेकंद गेलेला असतो. एक सेकंदाच्या झोक्यात ०.२ ची चूक केवढी आणि दहा सेकंदांत केवढी, हे सातवीच्या मुलाला समजावून सांगावं लागत नाही.

दहा झोके मोजल्यावर आकडे १० सेकंदांच्या आसपास येऊन बसतात. एखाद्या गटाचे ९ येतात. त्यांनी नट सोडताना ‘एक’ म्हटलेलं असतं, ‘शून्य’ नाही, म्हणजे त्यांचे झोके नऊच झालेले असतात. ही चूक मी कधी आधीच सांगत नाही. ती त्यांची त्यांना सापडली की सगळा वर्ग पुढे वर्षभर ‘शून्य!’ असं ओरडून मोजतो.

आता तीन नट. एका वर्षीचा हा तास मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. खिडकीपाशी बसलेल्या गटाचे दहा झोके १०.४ सेकंदांत झाले. दाराजवळच्या गटाचे १०.०. खिडकीवाले म्हणाले, जड झालं की हळू होतं. दारवाले म्हणाले, काही फरक पडत नाही. दोघांनी तीन-तीन वेळा मोजलं, आकडे तेच. भांडण माझ्यापर्यंत आलं. मला कारण दिसत होतं, पण जीभ चावून गप्प राहिले, आणि ते सोपं नसतं. शेवटी दारवाल्यांतला एक जण आपला दोलक घेऊन खिडकीपाशी गेला आणि दोन्ही शेजारी धरले. खिडकीवाल्यांनी नट एकाखाली एक, माळेसारखे बांधले होते. दारवाल्यांनी तिन्ही नट एकाच गाठीत जुडीसारखे अडकवले होते. ‘अरे, तुमचा दोलक लांब झालाय!’

हेच ते, ज्याला पुस्तकात ‘एका वेळी एकच चल बदला’ म्हणतात; चल म्हणजे प्रयोगात बदलू शकणारी गोष्ट. खिडकीवाल्यांना वाटत होतं आपण फक्त वजन बदललं, पण वजनाबरोबर लांबीही दीड-दोन सेंटिमीटरने वाढली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी नट जुडीत बांधून पुन्हा मोजलं, तर १०.०. त्या मुलांना ‘चल’ हा शब्द मी त्यानंतर दिला. गोष्ट आधी हाताला लागलेली असली की तिला नाव देणं सोपं जातं. आधी नाव दिलं तर मुलं व्याख्या पाठ करतात आणि नट माळेसारखेच बांधतात.

वेळ उरला तर लांबी बदला: २५, ५०, १०० सेंटिमीटर. दहा झोक्यांना साधारण १०, १४, २० सेकंद लागतात. मुलांचा अंदाज असतो, लांबी दुप्पट तर वेळ दुप्पट. तो ५० ला मोडतो आणि १०० ला भलत्याच ठिकाणी खरा ठरतो. वर्गमुळाचं सूत्र सांगायची घाई नको. ‘वेळ दुप्पट व्हायला लांबी चौपट लागली’ एवढं मुलांच्या तोंडून आलं तरी पुष्कळ झालं.

आता मेणबत्ती, आणि इथे मला माझीच चूक सांगायची आहे. ताटलीत रंगीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वरून काचेची बरणी उपडी. मेणबत्ती विझते, पाणी बरणीत चढतं. मी अकरा वर्षं वर्गाला लिहून दिलं की ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली. हवेत ऑक्सिजन साधारण पाचवा हिस्सा, म्हणून पाणीही तेवढंच चढलं. कितीतरी गाइडांत असंच छापलेलं असतं. मग एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, ‘बाई, ऑक्सिजन मेणबत्ती पेटलेली असताना संपतो ना? मग पाणी विझल्यावर का चढलं?’

मी पुन्हा करून पाहिलं. खरंच, ज्योत जळत होती तोवर पाणी जवळपास जागेवरच होतं. उलट बरणी ठेवताना काठाखालून दोन-चार बुडबुडे बाहेर आले होते. ज्योत विझताच पाणी सर्रकन वर गेलं. अकरा वर्षं माझ्या डोळ्यांसमोर हे घडत होतं आणि मला ते दिसलं नव्हतं, कारण उत्तर मला आधीच माहीत होतं.

खरं कारण मुख्यतः तापमानाचं आहे. ज्योतीने हवा तापून पसरते, थोडी काठाखालून निसटते. ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकसते, जळताना तयार झालेली वाफही थंड होऊन पाणी होते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. ऑक्सिजन खर्च होतो, पण त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड तयार होतो. शिवाय सगळा ऑक्सिजन संपायच्या आधीच ज्योत विझते.

पण हे स्पष्टीकरण तुम्ही फळ्यावर लिहिलंत तर माझ्या अकरा वर्षांत बारावं वर्ष मिळवल्यासारखं होईल. त्यापेक्षा दोन्ही म्हणणी वर्गापुढे ठेवा आणि विचारा: ‘ऑक्सिजनवाल्यांचं खरं असेल, तर काय दिसायला हवं? गरम हवेवाल्यांचं खरं असेल, तर काय दिसायला हवं?’ ‘असं असेल तर असं दिसायला हवं’ हे वाक्य माझ्या वर्गात वर्षभर चालतं. मुलांना थोडं चाचपडू द्या. कुणीतरी म्हणेल, तीन मेणबत्त्या लावू. बरणी तीच म्हणजे ऑक्सिजन तेवढाच, तेव्हा ऑक्सिजनवाल्यांच्या हिशेबाने पाणी तेवढंच चढायला हवं. गरम हवेवाल्यांच्या हिशेबाने तीन मेणबत्त्या जास्त हवा तापवतील, म्हणून पाणी जास्त चढायला हवं. अंदाज पेनने लिहून झाले की करा. तीन मेणबत्त्यांना पाणी स्पष्ट जास्त चढतं.

त्याहून गंमत बिनज्योतीच्या प्रयोगात. काचेच्या बाटलीत चांगलं गरम पाणी घाला (उकळतं नको, काच तडकेल), घोळवा, ओतून टाका आणि बाटली लगेच ताटलीतल्या पाण्यात उपडी धरा. काही जळलं नाही, तरी थोड्या वेळात पाणी चढतं. एका मुलाने हे पाहून आपल्या वहीतल्या ‘ऑक्सिजन संपला’ या ओळीखाली लिहिलं होतं, ‘मी हे क्लासमध्ये शिकलो होतो.’ एवढंच. मी त्या ओळीखाली सही केली.

मेणबत्तीचा प्रयोग टेबलावर मांडून तुम्ही स्वतः करा. लांब वेण्या मागे, ओढण्या बांधलेल्या. ४८ मुलांच्या हातात आठ ज्योती देऊ नका.

घरी करायला दही. मुलांच्या आया आणि आज्या यात तुमच्यापेक्षा जास्त जाणकार असतात, आणि मुलांना ते कळणंही चांगलं. चार वाट्यांत सारखं कोमट दूध. एकीत चमचाभर विरजण, एकीत विरजण घालून फ्रिजमध्ये, एकीत हिरव्या मिरच्यांचे देठ (विरजण नसेल तर देठांनी दही लागतं असं बऱ्याच घरांत सांगतात), आणि एकीत काहीच नाही. चौथी वाटी बघून घरचे हसतात. ‘त्यात काय बघायचं?’ मे महिन्यात एका मुलाकडे मिरचीच्या देठांचं दही लागलं, तो आनंदाने नाचत होता, आणि मग त्याच्या लक्षात आलं की काहीच न घातलेली वाटीही फाटून आंबट झाली होती. आता देठांनी लागलं की उन्हाळ्याने? ती चौथी वाटी नसती तर हा प्रश्नच पडला नसता. ‘नियंत्रित प्रयोग’ शिकवायला मला याहून सरळ उदाहरण मिळालेलं नाही. थंडीत तोच प्रयोग पुन्हा करायला सांगा. कुणाची आजी विरजण लावलेलं भांडं तांदळाच्या डब्यात किंवा घोंगडीत गुंडाळून का ठेवायची, ते मुलं आपणहून विचारून येतात. ही वाट्यांतली दह्यं चाखायची नाहीत, हे मात्र दोनदा बजावा.

इतिहासातली एक गोष्ट वर्गात छान रंगते, पण ती मधेच तोडावी लागते. १६६८ मध्ये इटलीत फ्रान्चेस्को रेदी या वैद्याने मांसात अळ्या आपोआप होतात की माश्यांमुळे, हे तपासलं. काही बरण्या उघड्या, काही बंद. उघड्यांत अळ्या झाल्या, बंदांत नाहीत. इथे थांबा. ‘तुम्ही रेदीच्या विरोधी गटात आहात. त्याला कसं अडवाल?’ थोड्या वेळाने कुणीतरी म्हणतं, ‘बंद बरणीत हवाच गेली नाही, म्हणून झाल्या नसतील!’ रेदीलाही हा आक्षेप माहीत होता. म्हणून त्याने काही बरण्यांवर बारीक कापड बांधलं: हवा आत जाईल, माशी जाणार नाही. अळ्या मांसावर झाल्या नाहीत. मांस नको असेल तर केळ्याच्या साली आणि चिलटं घेऊन आठवड्यात हेच करता येतं.

मुलं एक शंका काढतातच: सगळं विज्ञान असं वाट्या मांडून होतं का? नाही होत. यासाठी मी लोणार घेते, कारण निम्म्या वर्गाने ते सहलीत पाहिलेलं असतं. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा, तोही दख्खनच्या लाव्हाच्या खडकात. साहजिकच ज्वालामुखीचं मुख असेल असं पूर्वी अनेकांना वाटे. तिथे जाऊन पुन्हा उल्का पाडून बघता येत नाही. मग पुन्हा तेच वाक्य: उल्का पडली असेल, तर काय सापडायला हवं? प्रचंड आघाताच्या दाबाखाली तयार होणारी मास्केलिनाइट नावाची काच तिथे सापडली. लाव्हा नुसता वर येण्याने ती तयार होत नाही. एवढं दहा मिनिटांत सांगून होतं, जास्त ताणू नका.

गुणांचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण खरी अडचण तिथेच आहे. बरोबर उत्तराला गुण ठेवलेत तर मुलं आकडे जुळवणारच, त्यात त्यांचा दोष नाही. आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर वर्गातच होणाऱ्या तपासणीत, प्रयोगाचे जे गुण आपल्या हातात असतात, ते मी दहापैकी असे देते: कारणासकट अंदाजाला तीन, जसे आले तसे लिहिलेल्या आकड्यांना चार, ‘आता पुढे काय करून बघशील’ याला तीन. अंदाज बरोबर आला याला शून्य. पहिल्या सत्रात हुशार मुलांचे पालक नाराज होतात. माझ्याकडे एकदा एक गृहस्थ वही घेऊन आले, मुलीचं उत्तर बरोबर असूनही सहाच गुण का म्हणून. तिच्या वहीत पाच वाचनं होती आणि पाचही नेमकी १०.०. ती वही मी शेजारच्या मुलाच्या वहीसोबत ठेवली, ज्यात १०.१, ९.९, १०.३, ९.०, १०.० अशी वाचनं होती आणि ९.० पुढे ‘एक झोका कमी मोजला वाटतं’ असं लिहिलं होतं. गृहस्थ इंजिनियर होते. त्यांना पुढे काही सांगावं लागलं नाही.

हे मी शोधून काढलेलं नाही. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये १६ शाळांतून सुरू झालेला होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम याच वाटेने गेला. गावातल्या साध्या शाळा, स्वस्त साहित्य, परीक्षेत पुस्तक उघडायची मुभा. तीस वर्षं चालला आणि २००२ मध्ये सरकारने तो बंद केला, याची खंत आमच्या पिढीला अजून आहे. टाकाऊ वस्तूंतून प्रयोग हवे असतील तर पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्तांनी केलेलं काम बघा, अनेक प्रयोग मराठीतही मिळतात.

आणि बालभारतीच्या ‘करून पहा’ चौकटी टाकून देऊ नका. फक्त एक करा: मुलांना पुस्तक मिटायला लावून कृती तेवढी सांगा, काय दिसेल ते सांगू नका. पुष्कळदा निष्कर्ष पुढच्याच ओळीत छापलेला असतो.

साहित्याचा खर्च फारसा नाही. हार्डवेअरच्या दुकानातून एकाच मापाचे २५ नट घ्या, एक हरवतोच. दोरा शिवणाचा नको, पिळ सुटून नट गिरक्या घेतो. पतंगाचा साधा दोरा चालतो, मांजा अजिबात नको. मेणबत्त्या जाड घ्या, वाढदिवसाच्या वाकतात. आठ गटांना आठ स्टॉपवॉच मिळणार नाहीत, मोबाइल तुमचा एकच असेल. तेव्हा उलटं करा: तुम्ही ‘सुरू’ म्हणा, एका मिनिटाने ‘थांबा’ म्हणा, आणि सगळ्या गटांनी एकाच वेळी झोके मोजायचे. २५ सेंटिमीटरला ६० भरतात. माळ बांधलेल्या गटाचे ५७-५८ येतील.